पुरेसा साठा

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे सरकारी औषधभांडार आहे. बसकी इमारत, पत्र्याचं छप्पर, खिडक्यांना जाड जाळ्या. तिथल्या भांडारपाल बाईंचं खरं नाव शहरात फार थोड्यांना ठाऊक असेल. सगळे त्यांना मुदतताई म्हणतात, आणि कुणी तसं तोंडावर म्हटलं तरी त्या ओ देतात.

हातात काहीही आलं की त्या आधी ते उलटं करून तारीख बघतात. दुधाची पिशवी, बिस्किटांचा पुडा, खोकल्याचं औषध. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या आणि पुढ्यात डबा आला, तरी आधी डब्याचा तळ. त्यांचा धाकटा भाऊ बसचा ड्रायव्हर आहे, आणि त्याच्या जिभेला ब्रेक नाही. "ताईचं लग्न का नाही झालं, ठाऊक आहे का सर?" असं तो मला दर दोन महिन्यांनी विचारायचा. "बघायला आलेल्या मुलाला हिनं उलटा करून बघितला. तारीख सापडेना. मग दिला परत पाठवून."

"सापडली होती रे," ताई शांतपणे म्हणायच्या, "संपली होती."

भांडारात त्यांची एक पद्धत होती. ज्या औषधाची मुदत आधी संपणार ते पुढे, नंतर संपणार ते मागे. नवा माल आला की अख्खी फळी रिकामी करायची, नवा माल भिंतीला लावायचा, जुना पुढे ओढायचा. कंबर धरली असली तरी हे काम त्या स्वतः करत. शिपाई म्हणायचा, "ताई, नवं पुढंच राहू द्या की. कोण बघतंय?" त्या म्हणायच्या, "औषध बघतंय."

मी त्यांना ओळखायला लागलो तो एका सहीमुळे. ती सही सांगण्याआधी गोळ्यांचं सांगायला हवं.

बारा वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या देशानं जमिनीखाली पहिला अणुबाँब फोडून पाहिला. त्या वेळच्या सरकारनं घाबरून का होईना, एक शहाणपणा केला. किनाऱ्यावरच्या प्रत्येक शहराला मुलांसाठी आयोडीनच्या गोळ्या पाठवल्या. बाँबच्या धुळीत विषारी आयोडीन असतं, आणि लहान मुलांच्या गळ्यातली ग्रंथी ते भराभर शोषून घेते. आधी चांगल्या आयोडीनची गोळी दिली तर ग्रंथी भरून जाते. मला हे समजावताना ताई म्हणाल्या होत्या, "सर, वर्गातली सगळी बाकं आपल्या मुलांनी भरून टाकायची. मग बाहेरचा दांडगा आत घुसला तरी बसणार कुठं?"

आमच्या शहराच्या वाट्याला चोवीस हजार गोळ्या आल्या. अठ्ठेचाळीस खोकी, प्रत्येक गोळी वेगळ्या पट्टीत. ताईंनी ती जमिनीपासून हातभर उंच, भिंतीपासून हातभर लांब ठेवली, आणि छपराच्या त्या भागाला डांबर लावून घेतलं. गोळ्यांची मुदत सात वर्षांची होती. ती संपायच्या सहा महिने आधी त्यांनी नव्या गोळ्यांची मागणी वर पाठवली. उत्तर आलं, "बाब विचाराधीन आहे."

मुदत संपली. नियम असा की मुदतबाह्य औषध नव्वद दिवसांत नष्ट करायचं, तीन साक्षीदारांसमोर, आणि त्यांतला एक बाहेरचा प्रतिष्ठित माणूस असावा. भिंतीपलीकडचा मुख्याध्यापक म्हणून मला बोलावलं. मी जाऊन पाहिलं तर ताई पदर खोचून लोखंडी बत्त्यानं गोळ्या कुटत होत्या. पांढरी भुकटी पाण्यात, पाणी चुन्यात, चुना खड्ड्यात. दोन दिवस चाललं होतं ते.

मी सहज विचारलं, "नव्या येईपर्यंत जुन्या ठेवल्या तर?"

"सर, नवा मुलगा येईपर्यंत तुम्ही नापासाला वरच्या वर्गात बसवता का?"

मी हसलो आणि पंचनाम्यावर सही केली. "खाली तारीख घाला," त्या म्हणाल्या. मी तारीख घातली.

त्याला पाच वर्षं झाली. त्या पाच वर्षांत ताईंनी अकरा स्मरणपत्रं पाठवली आणि अकरा वेळा बाब विचाराधीन राहिली. पलीकडच्या देशानं आणखी चार बाँब फोडले. प्रत्येक वेळी आमच्या सरकारनं तीव्र शब्दांत निषेध केला. शब्दही तेच असायचे. माझ्या वर्गातल्या मुलानं एकच निबंध चार परीक्षांत लिहिला असता तर मी त्याच्या वडिलांना बोलावलं असतं.

यंदा मात्र पलीकडच्या देशाचा राज्यकर्ता टीव्हीवर एका नकाशापुढे उभा राहिला. नकाशावर चार लाल वर्तुळं होती. त्यांतलं एक आमच्या बंदरावर होतं. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला आमच्या समुद्रावरून क्षेपणास्त्र सोडणार, असं तो म्हणाला, आणि त्यानंतरचं पाण्यात पडणार नाही, असंही.

त्या संध्याकाळी मी ताईंच्या भावाकडे होतो. त्याची मुलगी आणि तिचा साडेचार वर्षांचा मुलगा त्याच्याकडेच असतात, जावई जहाजावर. ताई दोन घरं सोडून राहतात, पण जेवायला रोज तिथेच. आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. आमचे मंत्री आले. केस नीट विंचरलेले. "आम्ही परिस्थितीवर बारकाईनं लक्ष ठेवून आहोत," ते म्हणाले.

"ठेवा, ठेवा," भाऊ म्हणाला. "शेजारी काडी पेटवून दारात उभा, आणि हे खिडकीतून बघतायत, काडी कुठल्या कंपनीची आहे ते."

"बाबा, गप्प बसा ना, ऐकू द्या," ती मुलगी, ताईंची भाची, म्हणाली.

"आम्ही गंभीर चिंता व्यक्त केली आहे," मंत्री म्हणाले.

"चिंता तर मीही व्यक्त करतो. मला कोण गाडी देतंय लाल दिव्याची?"

मग मंत्र्यांनी शेवटचं वाक्य म्हटलं. किनाऱ्यावरच्या सर्व शहरांत आयोडीनच्या गोळ्यांचा पुरेसा साठा आहे, नागरिकांनी निश्चिंत राहावं.

ताईंच्या हातातला चहा कपातच राहिला. भाची त्यांच्याकडे वळली. "आहेत ना गं आत्या?"

"नाहीत," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच भांडाराच्या जाळीपुढे रांग लागली होती. ताईंनी एका पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहून टांगलं: 'आयोडीनच्या गोळ्या येथे नाहीत.' लोक वाचायचे आणि तरी विचारायचे.

"टीव्हीवर तर आहेत म्हणाले."

"इथं नाहीत."

"आम्हाला नाहीत म्हणा. भावाच्या नातवासाठी ठेवल्या असतील काढून," एक बाई म्हणाली.

ताईंनी भांडाराचं दार उघडलं आणि त्या बाईला आत नेऊन रिकामी फळी दाखवली. त्यानं निराळंच झालं. गोळ्या होत्या आणि कुटून मातीत घातल्या, हे त्या बाईला आत कळलं आणि बाहेर आल्यावर सगळ्या रांगेला. "मुलांचं औषध मातीत घातलंत?" एक आजोबा काठी आपटत म्हणाले. "मुदत संपली होती," ताई म्हणाल्या. त्या दिवसापासून मुदतताई हे नाव लोक ज्या सुरात घेऊ लागले तो सूर मला लिहून दाखवता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी वरून पार्सल आलं. ताईंनी मला भिंतीवरून हाक मारली. मी गेलो. आत गोळ्या नव्हत्या. चोवीस हजार स्टिकर होते, पिवळे, बोटाच्या पेराएवढे, प्रत्येकावर नवी तारीख छापलेली. सोबत परिपत्रक होतं. प्रयोगशाळेच्या तपासणीत असं आढळून आलं आहे की कोरड्या जागी ठेवलेल्या गोळ्या मुदतीनंतरही पुष्कळ वर्षं तितक्याच गुणकारी राहतात. सबब जुन्या साठ्यावर सोबतचे स्टिकर चिकटवून तसा अहवाल पाठवावा.

ताईंनी ते तीनदा वाचलं. मग सवयीनं कागद उलटा केला. मागे प्रयोगशाळेच्या अहवालाची नक्कल होती. त्याची तारीख त्यांनी मला बोटानं दाखवली. आम्ही तो पंचनामा केला त्याच्या आठ महिने आधीची.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," मी म्हणालो.

"त्या चांगल्या होत्या सर." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ओल नव्हती लागू दिली मी. चोवीस हजार चांगल्या गोळ्या मी कुटल्या."

"नियम त्यांचा होता, ताई. मीही सही केली आहे."

"नियम त्यांचा होता. बत्ता माझ्या हातात होता."

दुपारी साहेब आले. शहराच्या आरोग्य खात्याचे प्रमुख, माणूस वाईट नाही. माझाच विद्यार्थी, गणितात बरा होता. त्यांनी छापील अहवाल पुढे केला. फक्त सही बाकी होती.

"मंत्र्यांच्या आकड्यात आपले चोवीस हजार धरलेत, ताई."

"कशावरून धरले? नाशाचा पंचनामा मी वर पाठवलाय. पोच आहे माझ्याकडे."

"पोच आहे हो. वाचलाय असं थोडंच आहे?" साहेबांनी रुमालानं मान पुसली. "सही करून टाका. आठ महिन्यांनी निवृत्त व्हाल. ते लोक नुसते गुरगुरतात, बाँब काही पडत नाही."

"आणि पडला तर?"

"पडला तर सही तपासायला कोण उरणार आहे?"

ताईंनी अहवाल त्यांच्याकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "तुमची धाकटी आता पाच पूर्ण झाली असेल, नाही? तिची पहिली लस इथूनच गेली होती."

साहेबांनी अहवाल घडी करून खिशात घातला. "मग काय करणार तुम्ही?"

"वीस तारखेच्या आत गोळ्या मिळवणार."

"कुठून?"

"जिथं कुटल्या नाहीत तिथून. मला रजा द्या."

शेजारच्या शहरातला भांडारपाल हा ताईंच्या बरोबर उलट माणूस. त्याला सगळे राहूदे म्हणतात. मुदत संपली? राहू दे. छप्पर गळतं? राहू दे. पंचनामा? राहू दे, पुढच्या महिन्यात. ताई त्याला बैठकांमधून पंचवीस वर्षं टोमणे मारत आल्या होत्या. भावानं स्वतःच्या बसमधून आम्हाला तिकडे नेलं. दोन तासांच्या वाटेत ताई एकदाच बोलल्या: "आयुष्यभर ज्याला आळशी म्हटलं त्याच्या दारात जायचं, सर. आळसच शहाणा निघाला."

राहूदेची अठ्ठेचाळीस खोकी जागच्या जागी होती. एकावर चहाची किटली होती. प्रत्येक खोक्यावर एकेक पिवळा स्टिकर चिकटलेला.

"हे पट्टी-पट्टीवर लावायचे होते," ताई म्हणाल्या.

"चोवीस हजार कोण चिकटवणार, ताई? खोक्यावर लावले. खोक्यात गोळ्या, गोळ्यांत मुदत. झालं. अहवालही गेला." त्यानं किटली उचलली. "घेऊन जा निम्मी. तुमचीही मुलं, आमचीही मुलं. कोण मोजतंय?"

ताईंनी खोकं उघडलं. वरची पट्टी काढली, प्रकाशात धरली. पट्टी फुगली होती. आतली गोळी चहाच्या रंगाची झाली होती. दुसरी काढली, तिसरी काढली. मग त्यांनी मान वर करून छपराकडे पाहिलं. पत्र्यावर गंजाची एक लांब रेघ होती, आणि ती बरोबर खोक्यांवर येऊन संपत होती.

राहूदे खोक्यावरच बसला. "माझ्या दोन नाती आहेत, ताई," तो म्हणाला. "मी घरी सांगितलंय, आपल्याकडे आहेत म्हणून."

ताईंनी त्याला बोल लावला नाही. तिथूनच साहेबांना फोन केला. साहेबांनी वर विचारलं, आणि अर्ध्या तासानं निरोप आला. उरलेली खोकी उघडू नयेत. जे बंद आहे ते चांगलं धरायचं आहे.

"हे लेखी पाठवा म्हणावं," ताई म्हणाल्या. "लेखी आलं की थांबते."

लेखी आलं नाही, आणि ताई थांबल्या नाहीत. चार दिवस आम्ही चौघं त्या भांडारात सतरंजीवर बसून पट्ट्या निवडत होतो. पांढऱ्या एकीकडे, पिवळसर दुसरीकडे, तपकिरी पोत्यात. भाऊ आपल्या फेऱ्या संपवून यायचा. सुरुवातीला तो विनोद करत होता. "तांदूळ निवडणारी माणसं बघितली होती," तो म्हणाला, "देश निवडताना पहिल्यांदाच बघतोय." दुसऱ्या दिवशी तपकिरी गोळ्यांचं तिसरं पोतं भरलं, तेव्हा तो गप्प झाला आणि मग शेवटपर्यंत गप्पच राहिला.

चोवीस हजारांतून सात हजार सहाशे पांढऱ्या निघाल्या. निम्म्या त्यांच्या, निम्म्या आमच्या. ताईंनी पावती मागितली.

"अहो पावती कसली? मीच देतोय ना?"

"पावती दे."

कोरा कागद सापडेना. राहूदेनं उरलेल्या स्टिकरच्या पानामागे लिहून दिलं: तीन हजार आठशे गोळ्या, पांढऱ्या, सुस्थितीत. दोघांनी सह्या केल्या.

आता प्रश्न होता, कुणाला द्यायच्या. बारा वर्षांखालची मुलं शहरात साडेअकरा हजार. गोळी एका मुलाला एक. ताईंनी लसीकरणाचं रजिस्टर काढलं. त्यात प्रत्येक मुलाची जन्मतारीख असते, कारण तारखेवाचून लस नाही, आणि ते रजिस्टर गेली पंधरा वर्षं ताईंनीच नीट ठेवलं होतं. विषाचा धोका सगळ्यांत धाकट्याला सगळ्यांत जास्त. म्हणून त्यांनी धाकट्यापासून सुरुवात केली. काल जन्मलेलं मूल पहिलं. तिथून मागे मागे जायचं, गोळ्या संपेपर्यंत. त्यात वशिला नाही, ओळख नाही, कुणाचं तोंड बघणं नाही. मला ती रीत फार न्यायाची वाटली. रजिस्टरवर वाकून नंबर घालताना त्यांनी पेन्सिल दोनदा खाली ठेवली, ते मी पाहिलं होतं. कंबर दुखत असेल, असं मी समजलो.

वाटप शाळेच्या मोठ्या वर्गात झालं, रविवारी सकाळी. मी नावं पुकारत होतो, ताई गोळी कागदात बांधून कधी द्यायची ते आईला समजावत होत्या. पहिल्या दोन तासांत सगळं शांत होतं. मग ज्यांची नावं आली नव्हती ते पुढे सरकू लागले.

"ताई, अर्धी अर्धी करा की! दोन मुलांना होईल."

"अर्ध्या गोळीनं ग्रंथी अर्धी भरते. उरलेल्या अर्ध्यात विष बसतं. मग एकाच्या जागी दोन जातील."

"माझी दोन आहेत, एक दीड वर्षाचं, एक पाचाचं. एकाला द्यायची आणि एकानं बघायचं?"

ताईंनी त्या बाईकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. असं उत्तर द्यायला काय लागतं, ते त्या दिवशी मी तीन फुटांवरून पाहिलं.

साडेबाराच्या सुमाराला भाची आली. मुलाचा हात धरून ती रांगेतून सरळ टेबलाशी आली. मी अजून ज्या मुलांची नावं घेत होतो ती पावणेचार वर्षांची होती.

"आत्या."

"घरी जा, राणी. ऊन झालंय."

"तीन वर्षांचाच दिसतो तो. सगळे म्हणतात."

"रजिस्टरमध्ये दिसण्याचा रकाना नाही गं."

"एकच दे. मी माझ्या वाट्याचं काही मागत नाही, आत्या. तू त्याला अंघोळ घातलीस, तू त्याचं..." मागून कुणीतरी म्हणालं, "आता बघा, आता घरच्याला मिळते की नाही." सगळा वर्ग ताईंच्या हातांकडे बघायला लागला.

ताईंनी पुढची पुडी बांधली. "सर, पुढचं नाव," त्या म्हणाल्या.

मी नाव घेतलं. माझा आवाज मलाच परका वाटला. भाचीनं मुलाला उचललं. त्याला हे सगळं लस टोचण्यासारखंच काहीतरी वाटत होतं, आईच्या खांद्यावरून तो मोठ्यानं म्हणाला, "झालं? मी रडलो नाही हं, आत्याआजी."

तीन हजार आठशेवी गोळी तीन वर्षं अकरा महिन्यांच्या एका मुलीला गेली.

पुढच्याच आठवड्यात ताईंना निलंबनाचं पत्र आलं. तीन ठपके. सरकारी औषधसाठा अनावश्यक घाईनं नष्ट केला. सीलबंद खोकी आदेशाविरुद्ध उघडली. विनापरवाना वाटप करून जनतेत घबराट पसरवली. "तिन्ही खरे आहेत," ताई म्हणाल्या. राहूदेची बदली झाली. किनाऱ्यावरच्या तिसऱ्या आणि चौथ्या शहरातली खोकी अजून बंद आहेत. ती पुरेशा साठ्यात मोजली जातात.

वीस तारीख आली. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी क्षेपणास्त्र आमच्यावरून गेलं. मुलं बाकांखाली बसली होती. अकरा मिनिटांनी ते समुद्रात पडलं. दुपारी मंत्री टीव्हीवर आले आणि त्यांनी तीव्र शब्दांत निषेध केला. पलीकडचा तोही आला. पुढच्या वेळी तारीख सांगणार नाही, असं तो म्हणाला.

त्यानंतर दोन दिवसांनी मी ताईंच्या घरी बसलो होतो. ठपक्यांना उत्तर द्यायचं होतं, ते मी त्यांना सुवाच्य अक्षरात उतरवून देत होतो. भाची त्यांच्याशी बोलत नव्हती. ताईंचं जेवण आता त्यांच्याच घरी, एकटीचं. दार ढकलून भाऊ आत आला, एकटाच. नेहमीसारखा आरडाओरडा नाही. तो ताईंच्या समोरच्या खुर्चीत बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"रागावून नाही विचारत. आपल्या पोराचा नंबर कितवा होता?"

मला वाटलं, त्या म्हणतील ठाऊक नाही. त्यांना क्षणभरसुद्धा आठवावं लागलं नाही.

"चार हजार दोनशे सत्याहत्तर."

भाऊ बोटांवर काहीतरी मांडू लागला. "गोळ्या तीन हजार आठशे. म्हणजे मधे चारशे शहात्तर. माझ्या गाडीत छप्पन्न बसतात." त्याचे ओठ हलत होते. "साडेआठ गाड्या. साडेआठ गाड्या भरून पोरं आपल्या पुढं होती, ज्यांना मिळाली नाही."

"हो."

"तू हे आधी मोजलं होतंस. वाटपाच्या आधी."

"चारदा मोजलं," ताई म्हणाल्या. "कुठं चुकले तर नाही ना, म्हणून."

भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला. रस्त्यावर शाळा सुटली होती, मुलांचा गलका येत होता.

"आणि आपल्या मागं किती गाड्या?"

ताईंनी माझ्यापुढचा कागद ओढून घेतला आणि मी लिहिलेल्या ओळी वाचू लागल्या.

"मागची मी मोजली नाहीत," त्या म्हणाल्या.